खोलीचं दार बंद झालं, तिथून पुढे कोणी लिहायचं? (वाचनकट्टा : नानावटी निकालपत्र)

चष्मेवाली (धागाकर्ती)

आमच्या डोंबिवलीच्या वाचनकट्ट्यात या महिन्याची पाळी माझी होती. सगळ्यांची फर्माईश एकच: खरी घडलेली गुन्हेकथा हवी, पण कादंबरीसारखी ओढून नेणारी. मी म्हटलं, पुस्तक कशाला, निकालपत्रच वाचू. के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, २४ नोव्हेंबर १९६१. फुकट मिळतं. हे ऐकल्यावर दोघांना त्याच आठवड्यात लग्नं निघाली. उरलेल्या सहा जणांनी इमानेइतबारे वाचलं आणि आम्ही अडीच तास भांडलो. ते भांडण मिटलेलं नाही, म्हणून इथे घेऊन आलेय.

नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तपशील बहुतेकांनी सिनेमातून उचललेला असतो. तर निकालपत्रात जे आहे ते असं. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९४९ साली इंग्लंडात पोर्ट्समथला सिल्व्हियाशी नोंदणी पद्धतीने लग्न. तीन मुलं. ते बोटीवर असायचे तेव्हा सिल्व्हिया आणि प्रेम आहुजा यांचे संबंध जुळले. आहुजा मोटारींचा व्यापारी, ३४ वर्षांचा, अविवाहित. मुंबईत सेटलवाड रोडवर 'जीवनज्योत' इमारतीत बहिणीबरोबर राहायचा.

२७ एप्रिल १९५९, सोमवार. दुपारी सिल्व्हियाने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्यानंतर नानावटींनी तिला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला मेट्रो सिनेमाला नेऊन सोडलं. सहाला खेळ सुटेल तेव्हा न्यायला येतो म्हणाले. मग बोटीवर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय अशी थाप मारून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि ती एका तपकिरी पाकिटात घातली. आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नव्हता. मग त्याच्या घरी गेले. नोकराने दार उघडलं. नानावटी थेट आहुजाच्या झोपायच्या खोलीत गेले आणि मागे दार लोटून घेतलं.

इथे मी वाचायची थांबले होते.

कारण इथपर्यंत प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी माणूस उभा आहे. बोटीवरचा माणूस आहे, ऑफिसातला आहे, दार उघडणारा आहे. दार पुन्हा उघडल्यावरही माणसं आहेत. मधल्या थोड्या वेळात मात्र आत दोघंच होते, त्यातला एक मेला, आणि दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

आणि मजा अशी की आपल्याला या सगळ्या प्रकरणातलं काही पाठ असेल तर ते त्या खोलीतलं वाक्यच! नानावटींनी विचारलं, सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का? त्यावर आहुजा म्हणाला की जिच्या जिच्याबरोबर झोपतो तिच्याशी लग्न लावत बसू का? या प्रकरणावर आजवर जे जे लिहिलं, दाखवलं गेलं त्यात हे वाक्य येतंच. पण हे वाक्य आलं कुठून? ज्याने गोळ्या घातल्या त्याच्या तोंडून. दुसरं कोणी ऐकलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी, मारणाऱ्याने, आपल्या बचावासाठी घातलेलं वाक्य. खरं नसेलच असं मी म्हणत नाही. पण साठ-पासष्ट वर्षं आपण आहुजाला त्या एका वाक्यावरून ओळखतोय.

तर कट्ट्यापुढचा आणि आता तुमच्यापुढचा प्रश्न: सत्यघटनेवर लिहिणाऱ्याने या खोलीत शिरायचं का? आणि शिरायचं तर कोणाचा हात धरून?

अर्धवट

वाचतोय. टॉवेलचं लिहिलं नाहीत? टॉवेलशिवाय नानावटी म्हणजे कांद्याशिवाय मिसळ.

निवृत्त_शिरस्तेदार

टॉवेलचं मी लिहितो, कोर्टात उभा जन्म गेला आहे. या खटल्याशी माझा संबंध नाही, तेव्हा मी शाळेत होतो.

आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आला होता, कमरेला टॉवेल. मृतदेह सापडला तेव्हा तो टॉवेल जागेवर होता. सुटलेला नाही, सैल झालेला नाही. आता बचाव लक्षात घ्या. अनेकांना वाटतं की नानावटींनी कोर्टात छाती पुढे काढून सांगितलं, होय, बायकोच्या अब्रूसाठी मारला. साफ चूक. त्यांचं म्हणणं होतं की आपण पाकीट कपाटावर ठेवलं, आहुजा ते घ्यायला झेपावला, आपण रिव्हॉल्व्हर काढलं, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात. 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' हा मुद्दा दुसऱ्या फळीचा: अपघात मानत नसाल तर निदान हे तरी माना. सरकार पक्ष म्हणाला, दोन धट्टीकट्टी माणसं रिव्हॉल्व्हरसाठी झोंबतात आणि टॉवेल हलत नाही?

टॉवेल गाजला, पण माझ्या मते त्याहून वजनदार मुद्दा वेगळा आहे. खोलीतून बाहेर पडल्यावर नानावटी इमारतीच्या पहारेकऱ्याशी बोलले, नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल (नौदल पोलिसांचे प्रमुख) कमांडर सॅम्युअल यांना भेटले, मग डेप्युटी कमिशनर लोबो यांच्यापुढे हजर झाले. तीन ठिकाणी बोलले आणि एकाही ठिकाणी 'चुकून झालं' म्हणाले नाहीत. पहारेकऱ्याला तर सरळ सांगितलं की याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मारलं. न्यायालयाने हे नेमकं टिपलं आहे.

प्रक्षोभाचं उत्तर वेळापत्रकाने दिलं. दुपारी दीडला घर सोडलं, खून चार वाजून वीस मिनिटांनी. मधले जवळजवळ तीन तास. त्यात सिनेमाची सोय, बोट, थाप, ऑफिस. रागाने आंधळा झालेला माणूस इतक्या गोष्टी ओळीने करत नाही. अशा प्रक्षोभात झालेली हत्या खून न मानणारा, भारतीय दंड विधान कलम ३०० चा पहिला अपवाद तिथेच गळाला.

निकालाचा प्रवास: ज्युरीने, म्हणजे नऊ सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहतांना ते पटलं नाही, कोणत्याही समंजस ज्युरीला या पुराव्यावर असा निष्कर्ष काढता येणार नाही असं म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे जन्मठेप, सर्वोच्च न्यायालयात ती कायम. गुन्हा घडला मुंबई राज्यात आणि अपिलावर नाव लागलं महाराष्ट्र राज्याचं, कारण मधे १ मे १९६० येऊन गेला. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

जाता जाता: 'हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला' असं कोणी लिहिलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ज्युरी त्यानंतरही बरीच वर्षं होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पुरती गेली. आणि पारशी विवाह न्यायालयात 'डेलिगेट' नावाने तिची सावली अजून आहे.

कुमारभाऊ

शिरस्तेदार काका, तुमचा प्रतिसाद छानच, पण माफ करा, हे वाचून मला झोप आली असती जर तुम्ही 'सुटल्या' शब्दावर जोर दिला नसतात. म्हणजे तुम्हीही गोष्टच सांगितलीत!

माझं मत चष्मेवाली ताईंच्या विरुद्ध आहे. लेखकाने खोलीत शिरलंच पाहिजे. नाहीतर त्याचं काम काय? कागद आपण सगळे वाचू शकतो. मेलेल्याच्या मनात काय चाललं असेल, मारणाऱ्याचा हात कापला असेल का, हे सांगायलाच लेखक लागतो. पुराव्याच्या उंबऱ्यावर थबकणाऱ्याने कारकुनी करावी. आपल्याकडे तर महाभारत आहे. व्यासांनी कोणाच्या साक्षी घेतल्या होत्या?

चष्मेवाली

कुमारभाऊ, फुलटॉस दिलात. व्यासांनी आधी संजयाला दिव्यदृष्टी देवविली, मग युद्ध सांगायला बसवलं! आंधळ्या राजाला राजवाड्यात बसून कुरुक्षेत्र कसं कळलं, असं कोणी विचारेल याची त्यांना काळजी होती. सांगणाऱ्याला हे दिसलं कसं, याचा हिशेब त्यांनी आधीच देऊन ठेवलाय.

आणि सौप्तिक पर्व आठवा. रात्री झोपलेल्यांची कत्तल, तीसुद्धा छावणीत, बंदिस्त जागेत. ती पांडवांना कळते कशी? धृष्टद्युम्नाचा सारथी वाचतो आणि तो येऊन युधिष्ठिराला सांगतो. म्हणजे एक साक्षीदार जिवंत ठेवलाय. आणि तिकडे दुर्योधन गेल्यावर संजय म्हणतो की माझी दिव्यदृष्टी आता गेली. व्यासांनी दृष्टीची मुदतसुद्धा सांगितली आहे. आजकालच्या ऑडिओ मालिकांत निवेदकाला कुठल्या ऋषींनी दृष्टी दिली ते कोणी सांगत नाही.

कुमारभाऊ

हा बरोब्बर बसला. गप्प बसतो. (दोन दिवस.)

जुनी_गिरगावकर

मी त्या वर्षी अकरा वर्षांची होते. आमच्या चाळीत 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा अंक एकच यायचा, पहिल्या मजल्यावर, आणि तो संध्याकाळपर्यंत चार मजले फिरून यायचा. आम्हा मुलांना हात लावू द्यायचे नाहीत, त्यामुळे आम्हाला सगळं ठाऊक होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं लोक सांगतात ते खोटं नाही, वडील त्यावरून रोज चडफडत. रस्त्यावर फेरीवाले 'आहुजा टॉवेल' म्हणून ओरडत आणि खेळण्यातली 'नानावटी पिस्तुलं' विकत. संपादक करंजियांचा अंक उघडपणे नानावटींच्या बाजूचा होता, आणि आमच्या चाळीतल्या बायका तर त्यांच्याही पुढे. पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी, आणखी काय पाहिजे?

चष्मेवाली, तुझं वाचून मी काल रात्री बराच वेळ जागी होते. आठवायचा प्रयत्न करत होते की आमच्या घरात कोणी एकदा तरी 'बिचारा आहुजा' म्हणालं होतं का. नाही गं. एकदाही नाही. माझी आई म्हणायची, "मेला तो मेला." दोन अर्थांनी.

बहीण होती त्याची. मॅमी आहुजा. ती त्या वेळी घरातच होती, आवाज ऐकून धावत आली. पुढे तिने राम जेठमलानींना खटल्यावर लक्ष ठेवायला नेमलं. तिच्या बाजूने चाळीत कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

मावळतीचा_वारा

सिल्व्हियाबद्दल सगळे गप्प का? खोलीत दोघं होते, ठीक, पण या गोष्टीच्या मध्यभागी ती आहे. तिला मेट्रोत बसवून सगळे पुढे निघून गेले, नानावटीही आणि आपणही.

निकालपत्रात तिची पत्रं आहेत. एक २४ मे १९५८ चं. त्यात ती आहुजाला लिहिते की काल तू लग्नाची आणि ज्या मुलींशी तुझं लग्न होऊ शकतं त्यांची गोष्ट काढलीस तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. मी सारांश देतेय, मूळ इंग्रजी आहे आणि ते मराठीत आणायची माझी छाती नाही. हे वाक्य आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेलं नाही. कोर्टाची कोणाला कल्पनाही नव्हती तेव्हा, एका माणसाने वाचावं म्हणून लिहिलेलं आहे. मला तरी या सगळ्या कागदांत हेच एक वाक्य असं दिसलं, जे कोणी कोणाला वाचवायला किंवा अडकवायला लिहिलेलं नाही.

आणि ताई, याने तुमचा मुद्दा थोडा डळमळीत होतो हेही सांगते. आहुजाला तिच्याशी लग्न करायचं नव्हतं, असा वास त्या पत्रालाही येतोच. म्हणजे 'ते' वाक्य तो म्हणालाही असेल.

चष्मेवाली

डळमळीत होतो, मान्य. आशय खरा असू शकतो. पण 'लग्न टाळत होता' आणि 'जिच्या जिच्याबरोबर झोपतो...' यात केवढं अंतर आहे बघा. पहिल्याने माणूस बोटचेपा ठरतो, दुसऱ्याने मारण्याच्या लायकीचा. ज्युरीतल्या आठ जणांच्या कानात त्यातलं दुसरं बसलं असेल का, असं वाटत राहतं.

विचिटाकर

कॅन्ससहून नमस्कार. हा धागा बघून राहवलं नाही, कारण त्याच १९५९ साली, १५ नोव्हेंबरच्या पहाटे, माझ्या घरापासून साडेतीन तासांवरच्या होलकोम्ब गावात क्लटर कुटुंबातल्या चौघांचा खून झाला आणि त्यावर ट्रुमन कपोटींनी 'इन कोल्ड ब्लड' लिहिलं. सत्य गुन्हेकथा साहित्य म्हणून वाचायची सवय जगाला ज्या पुस्तकाने लावली, त्यातलं हे ठळक नाव. तुमच्या कट्ट्याला ते घ्यायचं असेल तर आधी काही गोष्टी सांगतो.

लेखक मुलाखतीच्या वेळी टिपणं घेत नसे, रेकॉर्डर वापरत नसे. ऐकलेलं नव्वद टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लक्षात राहतं असा त्याचा दावा. सोबत बालमैत्रीण हार्पर ली होती आणि गावातली दारं मुख्यतः तिच्यामुळे उघडली. लेखक न्यूयॉर्कचा, बोलण्या-वागण्यात तऱ्हेवाईक, गव्हाच्या शेतकऱ्यांना तो झेपेना. पुस्तक वाचताना मात्र गावात कोणी लेखक आला होता याचा पत्ताच लागत नाही. सगळं जणू आपोआप कळलेलं.

आणि शेवट! तपास अधिकारी ड्यूई कब्रस्तानात जातो, तिथे मारल्या गेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, चार शब्द बोलून ती निघून जाते, गव्हावरून वारा वाहतो. वाचताना घसा दाटतो. ती भेट झालेलीच नाही. रचलेली आहे. तुमच्या बंद खोलीच्या प्रश्नाला हे जास्त भारी उदाहरण आहे असं मला वाटतं, कारण कब्रस्तान काही बंद खोली नव्हती. ड्यूई जिवंत होता, मैत्रीण जिवंत होती, दोघांना विचारता येत होतं.

आणखी एक टोचणारी गोष्ट. दोन्ही खुन्यांना १४ एप्रिल १९६५ ला फाशी झाली. पुस्तकाला शेवट हवा होता आणि शेवट म्हणजे फाशी. अपिलं लांबत होती तोवर लेखक अडकून पडला होता. सप्टेंबर १९६५ मध्ये एका बड्या साप्ताहिकात क्रमशः सुरू, जानेवारी १९६६ ला पुस्तक. पाच-सहा वर्षं ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, ज्यांना आपलंसं केलं, त्यांची फाशी लवकर व्हावी असं वाटणं... मला यावर काय बोलावं कळत नाही.

गावात मी एकदा गेलोय. घराकडे जाणारा रस्ता खाजगी आहे, तिथे घुटमळू नये. बागेत २००९ साली उभारलेलं स्मारक आहे. ते बघा. त्यावर त्या कुटुंबाने आयुष्यात काय केलं ते आहे.

सायकलवाला_पुणेरी

विचिटाकर, स्मारकाचं वाचलं आणि शेल्फकडे नजर गेली. सांगतो का ते.

मी शहात्तर साली कॉलेजात होतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही. संध्याकाळ झाली की रस्ते ओस. सिनेमाचा शेवटचा खेळ रिकामा. दाराला आतून दोन-दोन कड्या आणि बाहेर कोण आहे हे तीनदा विचारल्याशिवाय उघडायचं नाही. पकडली गेली ती कला शिकणारी पोरं, आमच्याच वयाची, आमच्याच टपऱ्यांवर चहा पिणारी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांची नावं पुण्यात आजही शेंबडं पोर सांगेल. एकाचं तुरुंगातलं आत्मकथनही निघालं आणि आम्ही सगळ्यांनी ते वाचलं, मी खोटं कशाला बोलू.

प्रकरणाला नाव पडलं जोशी-अभ्यंकर. आता कोणालाही विचारा, अभ्यंकर कोण? 'ते बंगल्यातले म्हातारे' एवढंच उत्तर येतं. काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. काशीनाथशास्त्रींचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ साली बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला आणि आजही संस्कृतचा अभ्यास करणाऱ्याला तो हाताशी लागतो. माझी मुलगी संस्कृतात एम.ए. झाली तेव्हा तिने घेतला. दोन वर्षं तो कोश टेबलावर होता आणि हेच ते अभ्यंकर, हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मलाही, खरं तर, मुखपृष्ठ बघून वर्षभराने लक्षात आलं.

मी म्हणतो, खोलीत काय झालं हे जाऊ दे. खोलीबाहेरचं, साठ-सत्तर वर्षांचं जे उघड्यावर पडलंय, ते तरी कोण लिहितं?

जुनी_गिरगावकर

सायकलवाले, हे आधी सांगायचं होतंत. कालपासून आम्ही सगळे टॉवेल धुतोय.

अर्धवट

टॉवेलवरून आठवलं. आमच्याकडे काल प्रयोग झाला. मी बर्म्युडावर टॉवेल गुंडाळला (शालीनता राखून), धाकट्या भावाच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला आणि तो हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला. तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत टॉवेल चार सेकंदांत खाली. दुसऱ्यात खोचून, गाठ मारून घेतला, तरी अर्धा सुटला. तिसऱ्या फेरीत आई आली आणि आम्हा दोघांचा सत्र न्यायालयात निकाल लागला. रिमोटची बॅटरी सोफ्याखाली आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

अर्धवटराव, बर्म्युडामुळे पुरावा दूषित झाला आहे. पण नोंद घेतली.

कुमारभाऊ

दोन दिवस झाले. बोलू का?

मला आता वाटतं की माझं आणि चष्मेवाली ताईंचं भांडण 'शिरायचं की नाही' याचं नाहीच. मी पुन्हा निकालपत्र काढलं. न्यायमूर्तीसुद्धा त्या खोलीत शिरलेत! त्यांनी नानावटींची हकिगत पूर्ण सांगितलीय: पाकीट, झेप, झटापट, सगळं. अगदी रंगवून. फरक एवढाच की प्रत्येक वेळी 'आरोपीच्या म्हणण्याप्रमाणे' हे जोडलंय. मग सरकार पक्षाची हकिगत. मग जखमा, टॉवेल, वेळ. दोन शब्दांची ती शेपटी लावली की लेखक वाटेल तिथे जाऊ शकतो. मी ती शेपटी कादंबरीच्या नादात कापून टाकायला निघालो होतो.

पण एक तक्रार राहतेच. 'म्हणण्याप्रमाणे, म्हणण्याप्रमाणे' असं तीनशे पानं लिहिलं तर वाचक पळेल. मराठीत त्याला काही इलाज आहे का?

मावळतीचा_वारा

मराठीत तर सोन्यासारखा इलाज आहे. 'म्हणे'! "आहुजा म्हणे पाकिटावर झेपावला." एका शब्दात साक्षीदारही आला आणि आपला संशयही. हे इंग्रजीत करायला त्यांना अख्खं उपवाक्य लागतं. आजी आख्खं भाऊबंदकीचं रामायण 'म्हणे'वर सांगायची आणि कधी खोटी पडली नाही.

चष्मेवाली

'म्हणे'! वारा, तुम्हाला पुढच्या बैठकीला माझ्याकडून खारी-चहा.

चला, मग खेळच करू. प्रत्येकाने ती बंद खोली पाच ओळींच्या आत लिहायची. अट: कागदात नसलेलं एकही वाक्य नको, आणि प्रत्येक गोष्ट कोणाकडून कळली ते वाचणाऱ्याला समजलं पाहिजे. कंस, तळटीपा नकोत.

निवृत्त_शिरस्तेदार

आरोपी शयनगृहात गेला व त्याने दार लोटले. आरोपीच्या कथनानुसार झटापट झाली. मयताच्या कमरेचा टॉवेल जागेवर होता. आरोपीने त्यानंतर भेटलेल्या तिघांपैकी कोणासही अपघात झाल्याचे सांगितले नाही.

(चार ओळीत बसवले. पाचवी वाचवली.)

कुमारभाऊ

"नानावटी आत गेला. सिल्व्हियाशी लग्न करशील का, असं म्हणे त्याने विचारलं. आहुजाच्या उत्तराने म्हणे त्याचं रक्त तापलं, आणि पांढऱ्याशुभ्र गणवेशाच्या बाहीखाली त्याची मूठ आवळली गेली..."

मावळतीचा_वारा

कुमारभाऊ, मूठ कोणी बघितली? आणि रक्त तापलं हे कोणी मोजलं? 'म्हणे' दुसऱ्या वाक्यात होतं, तिसऱ्याच्या शेवटी पळालं.

कुमारभाऊ

पळालं खरं. लिहिताना कळलंसुद्धा नाही. आणि गणवेश होता की साधे कपडे हेही मी बघितलेलं नाही, तो गिरगावकर आजींच्या चाळीतून आला. आता कळतंय हे किती सहज होतं.

विचिटाकर

कब्रस्तानातला वारा असाच सुटला असणार.

जुनी_गिरगावकर

माझा घ्या. मी आत गेलेच नाही.

"घरात बहीण होती, नोकर होते. पाहुणा आला, खोलीत गेला, दार लागलं. घर आपल्या कामात होतं. मग आवाज झाले. ती धावली तेव्हा भाऊ खाली पडलेला होता आणि पाहुणा उभा होता."

चष्मेवाली

आजी, हा मी वहीत उतरवून घेतला.

सायकलवाला_पुणेरी

आजींच्या पाच ओळींत आहुजा पहिल्यांदा कोणाचा तरी भाऊ झाला.

अर्धवट

एक शंका. गंमत नाही, खरंच विचारतोय. धाग्याच्या सुरुवातीला ताईंनी लिहिलंय की सहाला खेळ सुटेल तेव्हा न्यायला येतो असं सांगून तो गेला. सिल्व्हिया, दोन मुलं आणि शेजारचं एक. चार वीसला खून, मग सॅम्युअल, मग लोबो, मग अटक.

मग सहा वाजता मेट्रोच्या दारात त्या मुलांना घ्यायला कोण आलं?

चष्मेवाली

मी ते वाक्य तीनदा वाचलं, इथे टंकलं, आणि पुढे निघून गेले.

थांबा. निकालपत्र पुन्हा काढते.